ऐन वेळी बॅट का चालत नाही?

प्रश्न : मुलगी सॅन डिएगोला असते. तिच्याकडे राहायला गेलो तेव्हा पाड्रेसचे बेसबॉल सामने बघायची गोडी लागली. २०२३ साली संघात एकाहून एक सरस फलंदाज होते, तरी दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर रनर असला की हमखास बाद व्हायचे. या मंडळींना दडपण झेपत नाही, असंच ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. मॅनी मचाडो, हुआन सोटो, झँडर बोगार्ट्स, फर्नांडो टाटिस ज्युनियर अशी फळी असलेल्या त्या संघाने वर्षभरात दिलेल्या धावांपेक्षा १०४ धावा जास्त काढल्या. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांच्या सूत्राप्रमाणे एवढ्या फरकावर १६२ पैकी ९२ सामने जिंकायला हवेत. जिंकले ८२. एका धावेने निकाल लागलेल्या ३२ सामन्यांत विजय ९, आणि जादा इनिंगमध्ये गेलेल्या १४ सामन्यांत अवघे २! आता जादा इनिंग सुरूच होते ती दुसऱ्या बेसवर रनर उभा करून. म्हणजे तुम्ही म्हणता तो प्रसंग तिथे दर वेळी आयता मिळतो.

पण त्या प्रसंगी समोर काय चाललेलं असतं तेही बघा. तिसऱ्या बेसवर रनर आहे, एकच जण बाद झालाय. आता धाव काढायला हिटसुद्धा लागत नाही. चेंडू लांब, उंच उडाला आणि झेलला गेला, तरी झेल होताच रनर होम प्लेटकडे धाव घेतो. पिचरला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो चेंडू गुडघ्याच्या वर येऊ देत नाही, किंवा प्लेटजवळ येऊन अचानक खाली बुडणारा टाकतो. पहिला बेस रिकामा असेल तर फलंदाजाला फुकट तिथे जाऊ द्यायलाही त्याची ना नसते. शेवटच्या इनिंगमध्ये तर ताशी दीडशे किलोमीटरहून वेगाने फेकणारा, ताज्या दमाचा गडी आलेला असतो. लोक फलंदाजाच्या काळजाची परीक्षा घेतात आणि पिचरचं कसब विसरतात, याचं मला वाईट वाटतं.

उरलेला मोठा भाग योगायोगाचा. एका फलंदाजाला हंगामात असे प्रसंग साधारण दीडशे येतात. चारांत एकदा हिट मारणाऱ्याच्या त्यात कधी ३२ हिट होतील, कधी ४३. एवढा फरक नुसत्या नशिबाने पडतो. आपण मात्र एकाला कच्चा ठरवतो, दुसऱ्याला वाघ. संशोधक रिचर्ड क्रेमर यांनी १९७७ मध्ये १९६९ आणि १९७० चे हंगाम ताडून पाहिले, तेव्हा एका वर्षी मोक्याला चमकलेले पुढच्या वर्षीही चमकतात असं काही आढळलं नाही. पुढे २००४ मध्ये जेम्स यांनी म्हटलं की असा गुण असेलही, पण आकड्यांच्या धुक्यात तो दिसत नसेल. मला ही शंका रास्त वाटते, पण जो गुण एवढा शोधूनही सापडत नाही, तो असलाच तर फार बारीक असणार.

सेंट लुईस कार्डिनल्सचंच घ्या. २०१३ मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर रनर असताना त्यांची सरासरी ०.३३० होती. त्या जोरावर ७८३ धावा काढून संघ वर्ल्ड सीरिज या अंतिम मालिकेत पोचला. पुढच्या वर्षी बरेचसे तेच खेळाडू, आणि धावा ६१९! आणि मोक्याचा खेळाडू म्हणून ज्याचं नाव निघतं त्या डेरेक जीटरची कारकिर्दीची सरासरी ०.३१०, हंगामानंतरच्या निर्णायक सामन्यांतली ०.३०८. तो मोक्याला वेगळा कुणी होत नव्हता. रोज जसा खेळायचा तसाच तेव्हाही खेळायचा, आणि मला तर हेच जास्त मोठं वाटतं.

दडपण खोटं नाही. पण ज्यांचे हात कापतात ते खालच्या मायनर लीगमध्येच गळतात. वरपर्यंत पोचलेल्यांना भित्रे म्हणणं अन्याय आहे. नशीब उलटंही फिरतं. त्याच २०२३ मध्ये ॲरिझोनाच्या संघाने काढलेल्या धावांपेक्षा १५ धावा जास्त दिल्या, तरी ८४ सामने जिंकून ते वर्ल्ड सीरिज खेळले. आणि पाड्रेस? सोटो यँकीजकडे गेल्यावरही २०२४ मध्ये त्यांनी ९३ सामने जिंकले. मग हंगामानंतरच्या डॉजर्सविरुद्धच्या मालिकेत शेवटच्या सलग २४ इनिंगमध्ये त्यांना एकही धाव काढता आली नाही.

तेव्हा पुढच्या हंगामात संघाची ताकद जोखायची तर काढलेल्या आणि दिलेल्या धावांचा फरक बघा, आणि मचाडो ऐन वेळी बाद झाला तर पिचरने नेमकं काय टाकलं ते रिप्लेमध्ये जरूर पाहा.