पोपांची यादी आणि जगाचा शेवट

शास्त्रपाठ : अनुवाद १८ : २०–२२, मत्तय २४ : ३६–४६, २ थेस्सलनीकाकरांस ३ : ६–१२.

रोम येथील पोप मरण पावले कीं एक जुनी यादी पुन्हां लोकांच्या तोंडीं येते. सन २०२५ च्या एप्रिल महिन्यांत, २१ तारखेस, पोप फ्रान्सिस निवर्तले, तेव्हांही तसेंच झालें. मलाखी नांवाच्या एका संतानें पुढें होणाऱ्या सर्व पोपांची यादी शेंकडों वर्षांपूर्वीं लिहून ठेविली आहे. त्या यादींतील शेवटचा पोप येऊन गेला. आतां रोम शहराचा नाश व जगाचा न्याय एवढेंच उरलें आहे, अशी ही वार्ता. मोबाइलच्या योगें ती डोंगरांतल्या वाडीवरही एका दिवसांत पोहोंचते. भोर व वेल्हे या भागांतील मंडळ्यांत ती आली म्हणजे कोणी भिऊन जातो, तर कोणी मनांतल्या मनांत संतोष पावतो कीं, बरें झालें, रोमचा अंत जवळ आला. या दोघांसही उत्तर देणें हें उपदेशकाचें कर्तव्य आहे. म्हणून हा पाठ दिला आहे.

१. यादी काय आहे?

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, हा मलाखी म्हणजे जुन्या करारांतील शेवटचा संदेष्टा नव्हे. हा आयर्लंड देशांतील आर्मा येथील आर्चबिशप होता. तो सन ११४८ त फ्रान्स देशांत क्लेर्व्हो येथील मठांत मरण पावला. त्याच्या नांवावर असलेल्या यादींत ११२ लहान लहान लॅटिन वचनें आहेत. एकेक वचन दोन-तीन शब्दांचें असून, एकेक वचन एकेका पोपाविषयीं आहे असें मानितात. आरंभ सन ११४३ त निवडलेल्या दुसऱ्या सेलेस्टिनपासून आहे. शेवटीं रोमकर पेत्र नांवाचा पोप संकटकाळीं कळप राखील, नंतर सात टेंकड्यांच्या नगराचा नाश होईल व न्यायाधीश न्याय करील, असा मजकूर आहे.

२. ती मलाखीची आहे काय?

मलाखीचा मित्र बर्नार्ड हा त्याच्या मरणसमयीं जवळ होता, व त्यानेंच त्याचें चरित्र लिहिलें. मलाखीनें आपल्या मरणाचें स्थळ व दिवस आधींच सांगितला होता, हेंही बर्नार्डानें नमूद केलें आहे. जो मित्र एवढी गोष्ट लिहावयास विसरला नाहीं, तो सर्व पोपांचें भाकीत लिहावयास विसरला असता काय? परंतु त्या चरित्रांत यादीविषयीं एक अक्षर नाहीं. मलाखीच्या मरणानंतर सुमारें साडेचारशें वर्षें कोणीही तिचा उल्लेख केला नाहीं. सन १५९५ त व्हेनिस शहरीं आर्नोल्ड व्हियाँ नांवाच्या मठवाशानें एक पुस्तक छापिलें, त्यांत ती प्रथम दिसली.

आतां वचनेंच पाहूं. सन १५९० पर्यंतच्या पहिल्या ७४ वचनांत पोपाचें गांव, कुळ किंवा कुळचिन्ह इतकें बरोबर उतरलें आहे कीं, जणूं समोर बसून लिहिलें. पुढें मात्र सर्व धूसर होतें. दुसऱ्या जॉन पॉल पोपांस लावितात तें वचन सूर्याच्या श्रमांविषयीं आहे. सूर्य व श्रम हे दोन शब्द उन्हांत राब भाजणाऱ्या वेल्ह्याच्या शेतकऱ्यासही तितकेच लागू पडत नाहींत काय? जें वचन कोणासही लागू पडतें, त्यानें कोणाविषयींच कांहीं सांगितलें नाहीं.

जेथपर्यंत इतिहास ठाऊक तेथपर्यंत नेम बरोबर, व तेथून पुढें चुकलेला, यावरून लेखक कोणत्या काळीं बसून लिहीत होता हें उघड होतें. सन १५९० त नवा पोप निवडावयाचा होता. त्या जागेचें वचन जुन्या नगरासंबंधीं आहे. त्या वेळीं सिमोन्चेल्ली नांवाचे एक कार्डिनल ऑर्व्हिएतो नगरचे होते, आणि त्या नगराच्या लॅटिन नांवाचा अर्थच जुनें नगर असा आहे. त्यांस निवडून आणण्यासाठीं कोणी ही यादी रचिली असावी, असें कित्येक विद्वानांचें अनुमान आहे. तथापि पोप झाले ते चौदावे ग्रेगरी.

शेवटचें वचनही पाहावें. यादीच्या अनुक्रमानें १११ वे पोप सोळावे बेनेडिक्ट होत, व ११२ वे फ्रान्सिस. फ्रान्सिस यांचें मूळ नांव पेत्र नव्हतें, व जन्म अर्जेंटिना देशांतला. ते मेले, त्याच वर्षीं मे महिन्याच्या ८ तारखेस चौदावे लिओ निवडले गेले. यादी संपली, रोम शहर जागच्या जागीं आहे. सांगितलेली गोष्ट घडली नाहीं तर सांगणारा परमेश्वराचा नव्हे, ही कसोटी मोशेनें घालून दिली आहे. ती येथें लावावी.

३. शेजाऱ्याविरुद्ध साक्ष

रोमन कॅथोलिक मंडळीनें ही यादी आपली शिकवण म्हणून कधीं मानिली नाहीं. उलट त्यांच्याच मेनेस्त्रिए नांवाच्या एका जेझुइट विद्वानानें सन १६८९ त तिचें खंडन केलें. तेव्हां, पाहा, तुमच्याच संतानें तुमचा नाश सांगितला आहे, असें कॅथोलिक शेजाऱ्यास म्हणणें हें सत्यास धरून नाहीं. पोपाच्या अधिकाराविषयीं आमचा व त्यांचा मतभेद आहे, तो शास्त्राच्या आधारें मांडावा. खोट्या कागदाच्या आधारें मांडूं नये. खोटी साक्ष आपल्या बाजूची असली म्हणून खरी होत नाहीं.

आणि या बाबतींत प्रॉटेस्टंटांस तरी बढाई मारण्यास जागा कोठें आहे? अमेरिकेंत विल्यम मिलर नांवाच्या बाप्तिस्त उपदेशकानें दानीएलाच्या पुस्तकावरून हिशेब मांडिला, व त्याच्या अनुयायांनीं सन १८४४ च्या आक्टोबर महिन्याची २२ तारीख ठरविली. कित्येकांनीं शेतांतलें पीक काढलेंच नाहीं. दिवस उजाडला, मावळला. प्रभु आला नाहीं, आणि पुष्कळांचा विश्वास ढासळला.

४. सांगितलेला दिवस व न सांगितलेला दिवस

आमच्या देशांतील दोन तारखा शेजारीं ठेवून पाहाव्या. सन १९६२ च्या फेब्रुवारी महिन्यांत, ३ पासून ५ तारखेपर्यंत, मकर राशींत अष्टग्रही होणार म्हणून मोठा प्रलय होईल असें देशभर सांगण्यांत आलें होतें. ठिकठिकाणीं यज्ञ झाले, लोक धास्तावले. ते दिवस इतर दिवसांसारखेच गेले.

त्यापूर्वीं अवघे सात महिने, सन १९६१ च्या जुलै महिन्याच्या १२ तारखेस, वेल्ह्याकडील पानशेतचें अपुरें धरण फुटलें, त्यापाठोपाठ खडकवासल्याचें फुटलें, व पुणें शहरांत हाहाकार झाला. तो दिवस कोणत्याही यादींत नव्हता. परंतु आदल्या रात्रीं सैन्यांतील जवान भर पावसांत धरणावर गोण्या रचीत होते. धरण वांचलें नाहीं. पण फुटण्यास कांहीं तास उशीर झाला, लोंढा रात्रीं न येतां दिवसा आला, व त्यामुळें अनेकांस निसटतां आलें. त्यांस घटका ठाऊक नव्हती. काम ठाऊक होतें.

प्रभूनें मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायांत हेंच शिकविलें. तो दिवस पित्यावांचून कोणास ठाऊक नाहीं असें सांगून, त्यानें लगेच त्या दासाची गोष्ट सांगितली ज्यास घरच्या मंडळीस वेळेवर अन्न द्यावयाचें होतें. धनी येईल तेव्हां तो दास दिवस मोजीत नव्हे, तर अन्न वाढीत सांपडावा. प्रभु येणार हें खचित आहे, व तीच आमची आशा. म्हणूनच ज्याची आवणी राहिली आहे त्यानें आवणी करावी, ज्याचें देणें आहे त्यानें फेडावें, मुलांस शाळेंत धाडावें, भावाशीं अबोला असेल तर आज सोडावा. थेस्सलनीका येथील कित्येकांनीं काम टाकिलें होतें; पौलानें त्यांस शांतपणें काम करून आपली भाकर खाण्यास सांगितलें.

मनन करण्यासाठीं प्रश्न

१. बर्नार्डानें लिहिलेल्या चरित्रांत यादीचा उल्लेख नसणें हें महत्त्वाचें कां आहे?
२. अनुवाद १८ : २२ ची कसोटी या यादीस व मिलरच्या अनुयायांच्या हिशेबास लावून पाहा.
३. आपल्या मताच्या सोयीची खोटी वार्ता आपण पुढें धाडिली तर निर्गम २० : १६ ची आज्ञा मोडते काय?
४. धनी आज रात्रीं आला, तर आपणांकडे सोंपविलेलें कोणतें काम अपुरें सांपडेल?