कुंडीतील फुलबाग : पहिल्या वर्षाचा ताळेबंद

बदलीच्या निमित्ताने बेंगळुरू येथे आल्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये लालबागेतील पुष्पप्रदर्शन पाहण्याचा योग आला. १८८९ साली पायाभरणी झालेल्या ग्लास हाऊसमधील ती आरास पाहून कोणाही नवख्याच्या मनात जे येते, तेच माझ्याही आले. परतताना फुलांनी डवरलेली पिटूनियाची सहा रोपे घेतली आणि घरी चिनी मातीच्या देखण्या भांड्यांत लावली. तीन आठवड्यांत सहाही रोपे गेली.

कारण साधे होते. भांड्यांना तळाशी छिद्र नव्हते. मातीच्या कणांमधील पोकळीत पाणी असते, तशीच हवाही असावी लागते. मुळे श्वास घेतात ती त्याच हवेतून. पोकळी पाण्याने भरून राहिली की मुळे गुदमरतात व कुजतात. मुळे कुजल्यावर पाने माना टाकतात, नवखा माणूस ती तहान समजतो आणि आणखी पाणी घालतो. मी तर दोन्ही वेळा घालत होतो! आता बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहतो; ओल लागली तर झारी जागेवरच राहते.

कुंडीसाठी मी पुढील मिश्रण वापरतो : दोन भाग येथील तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. छिद्रावर खापरीचा तुकडा उपडा ठेवावा. नुसती तांबडी माती कुंडीत विटेसारखी घट्ट बसते. खताचा अतिरेकही नको. नत्र वाढले की पानेच माजतात. रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात. सुकलेली फुले वेळीच काढावीत, अन्यथा रोपाची शक्ती बी धरण्यात खर्ची पडते.

दुसरा धडा शेवंतीने दिला. कन्नडमध्येही तिचे नाव 'सेवंतिगे', त्यामुळे परक्या गावात ती आपलीशी वाटली. जूनमध्ये लावलेली रोपे उत्तम वाढली, परंतु नोव्हेंबर उलटला तरी कळी दिसेना. अखेर इमारतीच्या वृद्ध माळीबाबांनी गॅलरीतील रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडे बोट दाखवले. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब, अखंड काळोख लागतो. दिवा बंद झाला आणि उशिरा का होईना, कळ्या आल्या. चुकीचे खत, चुकीची माती असे सर्व तर्क मी लढवले होते. विजेच्या बिलाकडे मात्र पाहिले नव्हते.

या शहरात वर्षभर कोठे ना कोठे झाडे फुललेली दिसतात. त्यामागे जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव क्रुम्बिगेल यांची योजना आहे : एकाचा बहर ओसरताच दुसऱ्याचा यावा, अशा वृक्षांची निवड. त्यांना १८९३ साली लंडनच्या क्यू उद्यानातून बडोद्यास आणले सयाजीराव महाराजांनी. १९०८ मध्ये ते म्हैसूर संस्थानच्या सेवेत आले. हीच योजना चार हातांच्या गॅलरीतही साधते. पावसाळ्यात तेरडा, मग शेवंती, थंडीत पिटूनिया, उन्हाळ्यात मोगरा, आणि खंड पडलाच तर बारमाही सदाफुली.

मार्च २०२४ मध्ये मात्र या हिशेबाला वेगळेच वळण मिळाले. तीव्र टंचाईमुळे शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेस वापरण्यास मनाई केली व ५००० रुपये दंड जाहीर केला. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणले जाते, हे ध्यानात घेतल्यास तो आदेश रास्तच होता. पिटूनियाचा हंगाम मी तेथेच थांबवला. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी बादलीत साठवले; ते दिवसाला जेमतेम पाच-सहा लिटर भरे. साबणाचे पाणी वगळले. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणीही क्षारांमुळे टाळले. मातीवर वाळलेल्या पानांचा थर पसरला आणि कुंड्या एकमेकींना चिकटवून सावलीकडे सरकवल्या.

अकरा कुंड्यांपैकी सात वाचल्या. मोगऱ्याला त्या वर्षी फुले थोडीच आली, पण आली.