जुन्या मालमोटारीच्या इंजिनातील अनोळखी ठोका

डिझेल इंजिन मुळातच बोलके. त्याच्या सिलिंडरात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्शाइतकी दाबतो, त्या दाबाने हवा अतिशय तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. हा पेट घेण्याचा क्षणच ठोक्यासारखा ऐकू येतो. म्हणून ‘इंजिन ठोकते आहे’ एवढ्या तक्रारीवरून काहीच निष्पन्न होत नाही. ठोके असतातच; शोध घ्यावयाचा तो त्यांत नव्याने मिसळलेल्या एका ठोक्याचा.

टेल्कोने १९५४ साली डाइमलर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला. करार १९६९ मध्ये संपला, परंतु त्या घडणीची सहा सिलिंडरांची इंजिने त्यानंतरही दीर्घकाळ तयार होत राहिली. या पिढीच्या इंजिनांवर संवेदक नाहीत, दोषाचा क्रमांक दाखविणारा संगणकही नाही. वंगणाचा दाब दाखविणारा एक काटा आणि कारागिराचा कान, एवढीच निदानाची साधने. एकाच मालमोटारीवर ज्याचे घर चालते अशा मालकाच्या दृष्टीने हे निदान लहानसहान नव्हे. झडपांच्या टॅपेटमधील ढिलाईचा आवाज असेल तर तासाभरात काम भागते. संयोगदांड्याचे बेअरिंग झिजले असेल आणि गाडी तशीच हाकली, तर दांडा तुटून इंजिनाच्या ठोकळ्याला भोक पाडू शकतो. उलटपक्षी, साध्या आवाजाला भिऊन इंजिन उघडले की मजुरी, सुटे भाग आणि बुडालेल्या फेऱ्या असा तिहेरी भुर्दंड बसतो.

म्हणून प्रथम वंगण पाहावे. पातळी खाली असेल, किंवा इंजिन तापल्यावर दाबाचा काटा नेहमीपेक्षा बराच खाली येत असेल आणि त्याच सुमारास खोल ठोका उमटत असेल, तर पुढील परीक्षा होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये. अशा वेळी घट्ट वंगण ओतून आवाज दडपण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. त्याने झीज थांबत नाही. केवळ ती ऐकू येईनाशी होते.

त्यानंतर लय. इंजिन रिकामे चालत असता क्रँकशाफ्टचे मिनिटाला ६०० फेरे होत असतील, तर सेकंदाला १० होतात. चार धावांच्या इंजिनात झडपा उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि प्रत्येक सिलिंडरात इंधनही दोन फेऱ्यांत एकदाच फवारले जाते. म्हणजे एखाद्या झडपेचा किंवा नॉझलचा ठोका सेकंदाला ५ वेळा पडेल, तर ढिल्या फ्लायव्हीलचा १० वेळा पडू शकेल. इतक्या वेगाने कोणी मोजू शकत नाही, हे खरे. पण संथ टकटक आणि तिच्या दुप्पट वेगाची खडखड यांतील भेद सरावाने कळतो. मात्र लयीवर अवाजवी भरवसा ठेवू नये. संयोगदांड्याच्या बेअरिंगचा मोठा दणका पुष्कळदा इंधन पेटते त्याच वेळी बसतो, आणि तोही दोन फेऱ्यांत एकदाच ऐकू येतो.

थंड इंजिनात खटखट करणारा आणि तापल्यावर निवळणारा आवाज बहुधा सिलिंडरात सैल झालेल्या दट्ट्याचा असतो. तापल्यावर, विशेषतः चढावर भाराखाली, वाढणारा खोल आवाज बेअरिंगकडे बोट दाखवितो.

सर्वांत उपयोगी कसोटी एकेक सिलिंडर बंद करण्याची. इंजिन रिकामे चालू ठेवून पंपाकडून नॉझलकडे जाणाऱ्या नळीची जोडनट पान्ह्याने थोडी ढिली केली की त्या सिलिंडरात इंधन जात नाही. हात व डोळे नळीपासून दूर ठेवावेत, कारण दाबाखालील इंधन कातडी भेदून शरीरात शिरते. नव्या कॉमन रेल इंजिनांत हा दाब जुन्यांच्या कित्येक पट असतो. तेथे ही रीत सर्वथा वर्ज्य आहे.

समजा, चौथे सिलिंडर बंद करताच ठोका थांबला. तेवढ्यावरून बेअरिंग गेले असा निष्कर्ष काढणे, ही नित्याची घाई होय. इंधन थांबले की बिघडलेल्या नॉझलचा ठोका थांबतो, आणि भार उतरल्यामुळे बेअरिंगचाही मंदावतो. तेव्हा इंजिन बंद करून चौथ्या सिलिंडरातील नॉझल दुसऱ्यात व दुसऱ्यातील चौथ्यात बसवावी. आवाज नॉझलबरोबर दुसऱ्या सिलिंडरात गेला, तर दोष नॉझलचा. चौथ्यातच राहिला, तर दट्ट्या, त्याची पिन किंवा संयोगदांडा यांचा संशय बळावतो. दोन नॉझलांच्या या अदलाबदलीने संपूर्ण इंजिन उघडण्याचा खर्च वाचल्याचे वारंवार आढळते.

कोणतेही सिलिंडर बंद केले तरी ठोका तसाच राहिला, तर तो सिलिंडरांच्या बाहेर शोधावा. पट्टा उतरवून इंजिन क्षणभर चालविले असता पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो यांचा निकाल लागतो. ब्रेकची हवा भरणाऱ्या कंप्रेसरचा आवाज टाकी भरून त्याच्यावरील भार उतरताच बदलतो. क्लचचे पेडल दाबल्यावर आवाज बदलला, तर क्लच, फ्लायव्हीलचे बोल्ट आणि क्रँकशाफ्टची मागेपुढे होणारी हालचाल तपासावी. ढिले फ्लायव्हील हे तर मोठे फसवे प्रकरण. त्याचा दणका थेट बेअरिंगसारखा भासतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरली असता जागा पुष्कळशी निश्चित होते, पण लोखंडातून आवाज दूरवर पोहोचत असल्याने दोन-तीन ठिकाणी ऐकून तुलना करावी.

संशय बेअरिंगवरच आला, तर खालची वंगणाची टाकी सोडण्यापूर्वी वंगण स्वच्छ भांड्यात काढून कापडातून गाळावे. हाती लागलेल्या कणांजवळ चुंबक न्यावा. लोखंडी कण त्याला चिकटतात. तांब्याच्या झाकेचे कण मागे उरले, तर बेअरिंगचा वरचा मऊ थर जाऊन खालचा थर उघडा पडला आहे असे समजावे, आणि क्रँकशाफ्टची मापे घेण्याची तयारी ठेवूनच टाकीच्या बोल्टांना हात घालावा.