स्मरणाची मैफल

किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ यांचे निधन २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेच्या प्रवासात झाले. प्रकृती बिघडल्यामुळे ते सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा रेल्वे स्थानकावर उतरले होते. त्यांचा देह मिरजेस आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. त्याच दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. कलावंत तेथे येतात ते 'हजेरी' लावण्यासाठी. पीराच्या दरबारातला हा शब्द गवयाच्या स्मृतीलाही शोभून दिसतो. खाँसाहेबांना प्रत्यक्ष ऐकलेले श्रोते आता उरले नाहीत. तथापि त्यांच्या ध्वनिमुद्रिका आणि ही हजेरी यांच्या योगे त्यांचा स्वर नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचत असतो. व्याख्यानांनी हे साधले असते असे वाटत नाही.

खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले. त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त १९५३ पासून पुण्यात भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने संगीत महोत्सव होऊ लागला. पुढे तो डिसेंबरात भरू लागला, आणि मृत्युतिथीचे बंधन सुटले. २०११ मध्ये भीमसेनांचे निधन झाले, तेव्हा गुरूच्या नावाशेजारी शिष्याचेही नाव महोत्सवास जोडण्यात आले.