बालकाच्या इजेची तक्रार : चौकशी कशी व्हावी?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या काळात धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार आदी तालुक्यांतील अनेक बालके आजी-आजोबांच्या हवाली असतात. देशातील ३३ प्रकल्पांत २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची अंगणवाडी हा त्यांचा दिवसाचा मोठा आधार होय.

अशा केंद्रात बालकास इजा झाल्याची तक्रार आली की अडचण उभी राहते. आई-वडील दूर फडावर, आजीला लिहिता येत नाही आणि सेविका गावातीलच. मग एक तर प्रकरण चावडीवर मिटविले जाते, किंवा चौकशीपूर्वीच सेविकेस दोषी ठरविले जाते. दोन्ही मार्गांनी सत्य हाती लागत नाही.

पहिला दिवस महत्त्वाचा

अंगावरील वळ काही दिवसांत पुसट होतात आणि घटनास्थळही बदलते. म्हणून उपचार व वैद्यकीय तपासणी प्रथम व्हावी. तोंडी तक्रार सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यावी, वाचून दाखवावी व तिच्यावर अंगठा घ्यावा. पालक परतेपर्यंत चौकशी थांबवू नये. त्यांना दूरध्वनीने कळवावे. इजा शरीरावर कोठे, केवढी, बालक केंद्रात केव्हा आले, कोणाकडे सोपविले गेले, त्या वेळी कोण उपस्थित होते, याची नोंद करावी. हजेरीपट ताब्यात घ्यावा. साक्षीदारांना एकत्र न बसविता वेगवेगळे विचारावे. लहान बालकास उत्तर सुचेल असा प्रश्न कधीही विचारू नये.

खुणा काय सांगतात?

चालू लागलेल्या मुलाला कपाळ, गुडघे वा नडगीवर लागणे स्वाभाविक आहे. परंतु कान, मान, गाल वा मांडीच्या मागील बाजूस वळ असल्यास, किंवा रांगताही न येणाऱ्या तान्ह्या बालकास मार दिसल्यास, बारकाईने चौकशी करावी. सांडलेल्या गरम पदार्थाचा भाजल्याचा डाग वेडावाकडा असतो. सरळ कडेचा डाग संशय निर्माण करतो. उलट, आपल्याकडील अनेक बालकांच्या कमरेखाली जन्मतः निळसर डाग असतात; ते माराचे नव्हेत. वळाच्या रंगावरून त्याचे वय खात्रीने ठरविता येत नाही. अंतिम मत वैद्यकीय अधिकाऱ्याचेच असावे.

नवी मुंबईतील खारघर येथे २०१६ मध्ये एका खासगी पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेस झालेली मारहाण उघडकीस आली, ती वैद्यकीय तपासणी व कॅमेऱ्यातील चित्रणामुळे. ज्या अंगणवाडीत कॅमेरा नाही, तेथे पहिल्या दिवसाच्या नोंदीलाच हे काम करावे लागते.

अपघात, हयगय की मारहाण?

चौकशीने या तिन्हींत भेद करावा. निसरडी फरशी, उघडी चूल वा एकाच वेळी सांभाळावी लागणारी अनेक मुले यांतून अपघात घडला असेल, तर उपाय केंद्राच्या दुरुस्तीत व मनुष्यबळात आहे. क्रूरतेचा संशय असेल, तर पोलीस व बालकल्याण समितीस तत्काळ कळवावे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार, बालकांच्या देखभालीची जबाबदारी असलेल्या संस्थेतील कर्मचाऱ्याने क्रूरता केल्यास पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास व पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक अत्याचाराची शंका असल्यास २०१२ च्या अधिनियमानुसार कळविणे प्रत्येकावर बंधनकारक असून न कळविणे हा गुन्हा आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक गावात ठळक लावलेला असावा.

ग्राम बाल संरक्षण समितीने गावात तडजोड घडवून आणू नये. बालकाची सुरक्षा पाहावी. तक्रार ज्या केंद्राविषयी आहे, तेथील सेविकेने त्या बैठकीपासून दूर राहावे. मात्र तिचे म्हणणे लेखी घेतलेच पाहिजे.

नीट झालेली चौकशी निर्दोष सेविकेचा लौकिक राखते आणि दोषी व्यक्तीस दुसऱ्या बालकापर्यंत पोहोचू देत नाही. फडावर राबणारी आई आपले मूल गावाच्या भरवशावर ठेवून जाते. तो भरवसा टिकविणे हे सरपंच, शिक्षक व अधिकारी यांचे समान कर्तव्य आहे.