हळद, मिरी आणि मेंदूचा दाह

"अहो डॉक्टरसाहेब, हळदच ती! तिचा कसला अपाय?" राजगढच्या एका आजींच्या सूनबाईंचा हा प्रश्न. आजींना विस्मरण जडू लागले म्हणून मुलाने हळदीच्या अर्काच्या, मिरीयुक्त कॅप्सूल आणल्या होत्या. तीन आठवड्यांत आजींचा तोल जाऊ लागला, बुबुळे थरथरू लागली.

मुलाची आशा अगदीच निराधार नव्हती. मेंदूतील मायक्रोग्लिया या रक्षक पेशी दीर्घकाळ चेतलेल्या राहिल्या, तर त्यांच्या स्रावांनी चेतापेशींचीच हानी होते. अल्झायमरमध्ये असा दाह आढळतो, आणि हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत त्याला आवर घालते. परंतु काचनळीतून मेंदूपर्यंतची वाट बिकट आहे. पोटात गेलेले बहुतांश कर्क्युमिन आतडी व यकृत निष्प्रभ करतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत अल्झायमरच्या ३६ रुग्णांपैकी काहींना रोज २, तर काहींना ४ ग्रॅम कर्क्युमिन २४ आठवडे दिले गेले. लाभ दिसला नाही. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के असते. म्हणजे २ ग्रॅमसाठी सुमारे ६५ ग्रॅम हळद हवी. आपल्या वरणात पडते ती चिमूटभर! २०१८ साली अधिक शोषल्या जाणाऱ्या कर्क्युमिनने स्मरणशक्ती सुधारल्याचे एका छोट्या चाचणीत दिसले खरे, पण त्यातील ४० जणांपैकी कोणालाही स्मृतिभ्रंश नव्हता.

आता मिरीकडे वळू. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी दाखवले की, २० मिलिग्रॅम पायपेरिन सोबत दिल्यास रक्तातील कर्क्युमिन सुमारे वीसपट वाढते. मिरीतील हे द्रव्य यकृताचा पहारा सैल करते. मात्र तो पहारा इतर औषधांवरही असतो. फेनिटॉइन हे त्यांपैकी एक, आणि आजी अर्धांगवायूनंतरच्या झटक्यांसाठी तेच घेत होत्या. इंदूरला पाठवलेल्या रक्तात त्याची पातळी विषारी मर्यादेत आली.

कॅप्सूल बंद केल्या. फेनिटॉइन दोन दिवस रोखून पूर्वीच्याच मात्रेत सुरू केले. आठवडाभरात आजी भिंतीचा आधार न घेता चालू लागल्या. एका रुग्णावरून मिरीलाच दोषी ठरवणे शास्त्राला धरून नाही, तरी संशय बळकट आहे. चूक माझीही होती. औषधांची चौकशी केली, परंतु "घरगुती म्हणून आणखी काही घेता का?" हे विचारायचे राहिले. कॅप्सूलची डबी सूनबाईंनी दुसऱ्या खेपेला, तीही सहज म्हणून, पिशवीतून काढली. विस्मरणासाठी बी-१२ व थायरॉइडची तपासणी मग केली. ती आधीच करावयास हवी होती.