पायांची ऊब

(हिवाळ्यात मैदानावर सामने पाहताना आपले पाय का गारठतात आणि ते उबदार कसे ठेवावेत, याची माहिती या पाठात दिली आहे.)



आपला खानदेश उन्हासाठी प्रसिद्ध आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव आणि भुसावळ येथे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. त्यामुळे बाहेरगावच्या लोकांना वाटते, की येथे थंडी पडतच नसेल. त्यांनी एकदा डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला यावे! उत्तरेकडून थंड, कोरडे वारे वाहू लागतात. आकाश निरभ्र असते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर गमावते. पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. थंडीची लाट आली, तर तो ५-६ अंशांपर्यंतही जातो.

मैदानी खेळांचा हंगामही हाच असतो. शाळांच्या वार्षिक क्रीडास्पर्धा याच दिवसांत होतात. सकाळी क्रिकेटचे सामने रंगतात. रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डी चालते. कुठे यात्रेत कुस्त्यांची दंगल भरते. तापी नदीच्या काठी सारंगखेडा नावाचे गाव आहे. ते पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली नवा जिल्हा झाला, तेव्हापासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. तेथे डिसेंबरच्या सुमारास, दत्तजयंतीला मोठी यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. घोड्यांची चाल आणि धाव पाहायला लोक तासन् तास उभे राहतात.

मैदान, कुस्ती, पैलवान, दंगल, मोजा हे शब्द तुम्हांला अनोळखी नाहीत. ते मराठीत आहेत आणि तुमच्या घरच्या उर्दूतही आहेत.

आता एक गोष्ट नीट पाहा. आखाड्यातील पैलवान उघड्या अंगाने लढतो, तरी त्याला घाम फुटतो. त्याच वेळी शाल पांघरलेला प्रेक्षक मात्र कुडकुडतो. असे का होते? पैलवानाचे स्नायू काम करत असतात. काम करणारे स्नायू उष्णता निर्माण करतात. प्रेक्षक एका जागी उभा असतो. त्याचे शरीर फारशी उष्णता निर्माण करत नाही. होती तीही हळूहळू निघून जाते. म्हणून थंडीत खेळणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याने अधिक काळजी घ्यायला हवी.

सर्वांत आधी गारठतात ते पाय. याची तीन कारणे आहेत. पहिले कारण असे, की पाय हृदयापासून सर्वांत दूर आहेत. थंडी वाढली, की शरीर हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांना आधी सांभाळते. त्यासाठी ते हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. मग बोटांना गरम रक्त कमी मिळते. दुसरे कारण म्हणजे जमीन. आपले हात हवेत असतात, पाय मात्र थंड जमिनीला टेकलेले असतात. पायांतली उष्णता तळव्यांतून जमिनीत उतरत राहते. तिसरे कारण ओलावा. पायांना घाम येतो, सकाळी गवतावर दव असते. पाणी हवेच्या मानाने उष्णता वीस पटींहून अधिक वेगाने वाहून नेते. म्हणजे ओला मोजा हा पायाचा मित्र नसून शत्रू आहे.

ही गोष्ट खानदेशातल्या शेतकऱ्याला चांगली ठाऊक आहे. रावेर, यावल, चोपडा या भागांत केळीच्या बागा आहेत. कडाक्याच्या थंडीत केळीची वाढ थांबते. मग शेतकरी बागेच्या कडेने काडीकचरा पेटवून रात्री धूर करतो. केळीच्या घडाला पिशवी घालतो आणि बुंध्याशी पाचोळ्याचे आच्छादन पसरतो. झाडाची ऊब खालून जाऊ नये, यासाठी त्याची ही धडपड असते. तुमच्या पायांनाही तेच हवे आहे. पाय कोरडे असावेत, सैल असावेत आणि जमिनीपासून अलग असावेत. एवढे जमले, की निम्मे काम झाले.

यासाठी महागडे बूट लागत नाहीत. सामन्याला जाण्यापूर्वी पाय स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करा. सकाळी नमाजासाठी वजू केल्यावर घाईघाईने ओल्या पायांवर मोजे चढवू नका. बोटांमधली जागाही पुसा. मोजे लोकरीचे असतील तर उत्तम. लोकरीच्या धाग्यांत हवा अडकून राहते आणि ती ऊब धरून ठेवते. सुती मोजा घामाने लवकर ओला होतो. घरी सुतीच मोजे असतील, तर एक कोरडा जोड खिशात ठेवा आणि मैदानावर पोहोचल्यावर बदला.

काही मुले एकावर एक दोन-तीन मोजे घालतात आणि वरून बूट आवळून बांधतात. अशाने पाय अधिकच गारठतात. घट्ट बुटात हवेला जागा राहत नाही आणि रक्तही नीट फिरत नाही. बुटात बोटे सहज हलली पाहिजेत. बुटाच्या आत जाड पुठ्ठा कापून घातला, तर तळवा जमिनीपासून थोडा अलग होतो. उभे राहण्याच्या जागी गोणपाट, जाड पुठ्ठा किंवा घडी केलेली जुनी वर्तमानपत्रे अंथरा. सिमेंटच्या पायऱ्यांवर तसेच बसू नका. डोके, कान आणि छाती झाका. अंग उबदार असेल, तर शरीर पायांकडे रक्त मोकळेपणाने पाठवते. थोड्या थोड्या वेळाने टाचा वर-खाली करा. बाजरीची भाकरी किंवा गूळ-शेंगदाणे खाऊन निघा, कारण रिकाम्या पोटी थंडी अधिक वाजते.

बूट रात्री अंगणात ठेवू नका. एडमंड हिलरी आणि तेनसिंग नोर्गे २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले, हे तुम्हांला माहीत आहे. त्या दिवशी पहाटे काय घडले? हिलरी यांनी आपले बूट रात्री तंबूबाहेर ठेवले होते. सकाळी ते गोठून दगडासारखे झाले. शिखराकडे निघण्याआधी ते स्टोव्हवर शेकून मऊ करण्यात सुमारे दोन तास गेले. आपल्या अंगणात बूट गोठणार नाहीत, पण दवाने ओले नक्की होतील.

आता एक धोक्याची सूचना. पाय गारठले, की आपण शेकोटीकडे धावतो. शेकोटीजवळ बसावे, पण अंतर राखून. बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही. विशेषतः घरातील दादाजान किंवा नानीजान यांना मधुमेह असेल, तर फार जपावे लागते. या आजारात पुष्कळांच्या पायांची संवेदना कमी होते. पाय भाजला तरी त्यांना वेदना होत नाही. जखम लवकर भरत नाही, चिघळते आणि कधी कधी पाय कापण्याची वेळ येते. सामना पाहण्याच्या नादात तुम्ही त्यांना शेकोटीपाशी बसवून निघून जाऊ नका. त्यांचे पाय शाल-कांबळ्यात गुंडाळा आणि घरी परतल्यावर तळवे नीट पाहा. कुणाचे पाय पांढरे किंवा निळसर पडून बधिर झाले असतील, तर जोराने चोळू नका. ओले मोजे काढा, पाय कोरडे करून पांघरुणात घ्या. कोमट पाणी वापरायचे असेल, तर ते आधी आपल्या कोपराने तपासा. बधिरपणा गेला नाही, तर डॉक्टरांकडे जा.

पाय गोठण्याइतकी थंडी नसली, तरी ओल आणि गारवा मिळून पाय निकामी करू शकतात. पहिल्या महायुद्धात हे जगाने पाहिले. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये सैनिक चिखलाने भरलेल्या खंदकांत दिवसेंदिवस उभे होते. त्यांत आपल्या देशातून गेलेले सैनिकही होते. हजारो सैनिकांचे पाय सुजले, काळे पडले, सडले. पुढे सैन्याने एक साधा नियम केला. सैनिकांच्या जोड्या लावल्या. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचे पाय तपासायचे, त्यांना तेल चोळायचे आणि मोजे बदलले की नाही ते पाहायचे. स्वतःच्या पायांकडे दुर्लक्ष करणारा माणूस सोबत्याच्या पायांची मात्र काळजी घेई. या नियमाने पुष्कळ पाय वाचले.

एका सामन्याने तुमचे पाय सडणार नाहीत. तरीही तो नियम आपल्या उपयोगाचा आहे. क्रीडास्पर्धेच्या दिवशी मैदानावर सर्वांत जास्त कोण गारठते? खेळणारी मोठी मुले नाहीत. टाळ्या वाजवण्यासाठी पुढच्या रांगेत मातीवर बसवलेली पहिली-दुसरीची मुले गारठतात. त्यांच्यातल्या काहींच्या पायांत नुसत्या चपला असतात. पाय गार पडले, हे सांगायलाही ती लाजतात. या वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी घरातून एकेक रिकामे पोते आणा आणि सकाळी पुढच्या रांगेत अंथरा. मग आपल्या शेजारच्या लहानग्याच्या पायांना हात लावून पाहा. गार लागले, तर खिशातला तो कोरडा मोज्यांचा जोड कुणासाठी आहे, हे तुम्हांला सांगावे लागणार नाही.

शब्दार्थ
निरभ्र – ढग नसलेले
आकुंचित होणे – आखडणे, अरुंद होणे
दव – पहाटे गवतावर पडणारे पाण्याचे थेंब (उर्दू : शबनम)
आच्छादन – झाकण, पांघरूण
गोणपाट – तागाच्या पोत्याचे कापड
बधिर – संवेदना नसलेला (उर्दू : सुन्न)
चिघळणे – जखम वाढत जाणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सारंगखेडा हे गाव कोणत्या नदीच्या काठी आहे?
(आ) हिलरी यांचे बूट का गोठले?
२. कारणे लिहा.
(अ) थंडीत पैलवानापेक्षा प्रेक्षक अधिक कुडकुडतो.
(आ) घट्ट बुटात पाय अधिक गारठतात.
३. मधुमेह असलेल्या माणसाने शेकोटीपासून अंतर का राखावे, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द पाठातून शोधा व वाक्यांत उपयोग करा.
५. उपक्रम : थंडीच्या दिवशी एक पाय पुठ्ठ्यावर व दुसरा फरशीवर ठेवून दहा मिनिटे उभे राहा. तुम्हांला काय जाणवले, ते वर्गात सांगा.